टोचरी घोंगडी

निजामाच्या कचेरीत मी नोकरीला होतो तेव्हा बीडच्या वेशीबाहेर थंडीत रोज सकाळी शेकोटी पेटायची. जवळच्या पाली गावाहून दूध घेऊन येणारा एक म्हातारा तिथं घटकाभर टेकायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बाकीच्यांच्या घोंगड्या वापरून मऊ झालेल्या असायच्या. याची मात्र कोरी, चिंचोक्याच्या खळीनं ताठ. मानेवर लाल चट्टे उठलेले. बोलता बोलता तो घोंगडीची कड मानेपासून सोडवायचा आणि पुन्हा तिथंच ओढून घ्यायचा.

"मामा, नवी कावून घेता? लई टोचत असेल," मी एकदा म्हणालो.

"लेकीची हाय," तो म्हणाला. "एक हिवाळा माझ्या अंगावर गेला की मऊ पडती. मग तिला धाडतो."

पुढच्या थंडीत तो आला तो एवढीशी घोंगडी पांघरून. ती जेमतेम खांद्यांना पुरत होती. शेकोटीभोवतीची माणसं हसली. तोही हसला.

"नातवाची हाय."

"केवढा झाला?"

त्यानं हात निखाऱ्यांवर धरले. "बघितला न्हाई अजून. सासरचे लेकीला धाडत न्हाईत. घोंगडी तेवढी ठेवून घेतात."

आता माझ्याकडे हैदराबादेहून आणलेला लोकरी कोट आहे. पहिल्या दिवसापासून मऊ, कुठंच टोचत नाही. तरी थंडी पडली की वाटतं, कुणाच्या तरी अंगावरून आपल्याकडे आलेलं एखादं पांघरूण हवं होतं.