खिशातला हात

पेपर स्प्रेची, म्हणजे डोळ्यांत मारायच्या तिखट फवाऱ्याची, ती छोटी डबी मला ताईने दिली होती. नागपूरला पहिली नोकरी लागली तेव्हा ऑफिसची कॅब मला मुख्य रस्त्यावरच सोडायची आणि तिथून घरापर्यंत सगळं सुनसान असायचं, म्हणून. औषधाच्या दुकानात काउंटरवरच मिळायची, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी. "वापरायची वेळ नाही येणार, पण राहू दे बाप्पा जवळ," ताई म्हणाली होती. वेळ खरंच कधी आली नाही. पण रस्त्यावर पाऊल ठेवलं की हात आपोआप खिशात जायचा आणि अंगठा डबीच्या झाकणावर टेकायचा. पुढे डबी जुनी झाली की मी नवी घ्यायची, एवढंच.

आयर्लंडला आले तेव्हा ती स्वेटरच्या घडीत, मोठ्या बॅगेतून आली. लपवून आणावी असं काही मनातही नव्हतं. कंगवा आणला, घराच्या किल्ल्या आणल्या, तशी तीही आणली.

नोकरी शॅननच्या औद्योगिक वसाहतीत होती. तिथे घर मिळेना, म्हणून जवळच्या एनिस गावाच्या कडेला एका वसाहतीत छोटं घर भाड्याने घेतलं. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने यायचं. थांब्यापासून घरापर्यंत चालायला फार नाही, पण हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच अंधार पडतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घरांमध्ये दिवे असतात, पडदे ओढलेले असतात, कुठल्या तरी घरातून टीव्हीचा आवाज येतो. आपण मात्र भिंतीबाहेर. पहिल्या हिवाळ्यात मी घरी पोचले की कोट न काढताच आईला फोन लावायचे. तिकडे ती झोपायच्या बेतात असायची. "जेवलीस का?" एवढं विचारून ती जांभई द्यायची, आणि मग माझं घर पुन्हा गप्प व्हायचं.

समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहायचे. एकटेच. एक तपकिरी कुत्रा होता त्यांच्याबरोबर, तोही म्हातारा, मागचा पाय ओढत चालणारा. संध्याकाळी मी बसवरून येताना ते त्याला फिरवायला निघालेले असत. पण मी दिसले की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. एकदा नाही, रोज. कुत्रा माझ्याकडे यायला ओढायचा, हे त्याला खेचून न्यायचे. वर्षभर हे चाललं. मी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला होता. गोऱ्या म्हाताऱ्याला सावळी बाई समोरून येताना नको वाटत असेल. मी मान खाली घालून पुढे निघायचे.

त्या उन्हाळ्यात डब्लिनकडे आपल्या लोकांना मारहाण झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मराठी मंडळींच्या ग्रुपवर रोज नवा व्हिडिओ, रोज नवा सल्ला. एकटं फिरू नका, असं सगळे सांगत होते. मी वाचायचे आणि विचार करायचे, एकटं नाही फिरायचं तर कुणाबरोबर फिरायचं?

मग पावसाळी ऑक्टोबरात एकदा बसथांब्यावरून निघाले आणि एक गाडी माझ्या चालीने शेजारून चालू लागली. काच खाली झाली. आतल्या माणसाने मला माझ्या देशात परत जायला सांगितलं, आणखीही काही म्हणाला. मी डबी बाहेर काढली. आयुष्यात पहिल्यांदा. अंधारात तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. त्याने ते पाहिलं की नाही, माहीत नाही. हसला आणि गाडी पुढे नेली. मी तिथेच उभी राहिले, डबी समोर धरून, रिकाम्या रस्त्याकडे रोखून.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी हे माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या बाईंना सांगितलं. त्या इथल्याच, माझ्या आईच्या वयाच्या. ऐकताना त्यांनी माझा हात धरला. मी धीर येऊन डबी काढून दाखवली, तसा त्यांनी हात सोडला.

"अगं, आत ठेव ते! कुठून आणलंस?"

"घरून. आमच्याकडे सगळ्या मुलींकडे असतं."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "या देशात याला बंदूकच समजतात."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण माझा चेहरा पाहूनही त्या हसल्या नाहीत. संध्याकाळी घरी बसून मी कायदा वाचला. खरंच होतं. डोळ्यांची आग करणारा फवारा मारणारी वस्तू इथल्या शस्त्रकायद्यात बंदुकांच्याच रांगेत बसवलेली. जवळ बाळगणंच गुन्हा. सुरीचंही तसंच, कारणाशिवाय खिशात नको. आणि 'मला भीती वाटते' हे कारण धरत नाहीत.

मी टेक्ससमधल्या चुलतभावाला फोन केला. तो पोट धरून हसला. "आमच्याकडे शर्टाखाली पिस्तूल खोचून लोक दूध आणायला येतात. परवानाही लागत नाही आता. शेजारच्या एका राज्यात गेलं की लागतो, म्हणून गाडी काढायच्या आधी लोक नकाशाबरोबर कायदाही बघतात. आणि तू मिरचीच्या पाण्याने गुन्हेगार!"

"तुझ्याकडे आहे का?" मी विचारलं.

तो हसायचा थांबला. "आहे," म्हणाला. "घरी सांगू नकोस."

"मग आता भीती नाही वाटत?"

"आधी नव्हती वाटत," तो म्हणाला, आणि मग त्याने पोरांच्या शाळेचा विषय काढला.

डबी कचऱ्यात टाकायचा विचार केला, पण कुणाच्या हाती लागली तर? घरात ठेवायची तर बंदूक घरात ठेवल्यासारखंच. शेवटी शनिवारी सकाळी मी ती रुमालात गुंडाळून पोलीस ठाण्यात गेले. वाटेत डोक्यात काय काय येत होतं. व्हिसा रद्द होईल, नोकरी जाईल, आईला काय सांगू, असं सगळं.

काउंटरमागे पन्नाशीचे, लाल चेहऱ्याचे गार्ड होते. इथे पोलिसाला गार्डच म्हणतात. मी रुमाल समोर ठेवला आणि पाठ करून आणलेलं वाक्य घाईघाईने म्हटलं. "हे माझ्याकडे आहे, ते चालत नाही हे मला आता कळलं, म्हणून द्यायला आले आहे."

त्यांनी रुमालाचं टोक पेनाने उचललं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कधी वापरलंत?"

"नाही."

"ग्रँड," ते म्हणाले. 'ठीक आहे' या अर्थाने इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पण त्या दिवशी मला तो शब्द ऐकून रडूच यायला लागलं. त्यांनी माझं नाव-पत्ता विचारला, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, रुमाल घडी करून परत दिला. "आणून दिलंत, बरं केलंत. कुणी तुमच्या मागे लागणार नाही. पण पुन्हा मागवू नका." मग मी गाडीवाल्याचं सांगितलं, तेही त्यांनी सगळं विचारून घेतलं. नंबर मला आठवत नव्हता.

"मग मी जवळ काय ठेवू?" मी विचारलं.

"फोन ठेवा. जोरात वाजणारा अलार्म मिळतो, तो ठेवा. आणि ओरडा."

"ऐकणार कोण?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "घरी कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

"शेजारी?"

"ओळख नाही," मी म्हटलं.

त्यानंतरचे काही दिवस फार वाईट गेले. अलार्म आणला होता, तो बॅगेला लटकावला होता, पण खिशात हाताला करायला काही नव्हतं. मग मी हात बाहेरच ठेवू लागले.

अशाच एका संध्याकाळी समोरून ते म्हातारे गृहस्थ आले. मी दिसले तसे फुटपाथच्या कडेला थबकले, पण या वेळी उतरले नाहीत. कुत्र्याने हिसका दिला, दोरी त्यांच्या हातून सुटली, आणि तो लंगडत येऊन माझ्या बुटांवर नाक घासू लागला. मी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओलं होतं, गरम होतं. कुठल्याही जिवंत गोष्टीला हात लावून किती काळ झाला होता, ते तेव्हा जाणवलं.

"माफ करा," ते धापा टाकत म्हणाले. "हा ऐकत नाही. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं."

"मी कुत्र्यांना नाही घाबरत."

"कुत्र्याला नाही हो. मला." ते खाली बघत बोलत होते. "मी दिसलो की तुमचा हात खिशात जायचा. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. म्हटलं, बाई एकटी आहे, अंधार आहे, आपण कशाला त्रास द्यायचा? म्हणून पलीकडून जायचो."

"मला वाटायचं, तुम्हाला मी नको आहे," मी म्हटलं.

"अरे देवा," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी कुत्र्याची दोरी उचलली.

त्यानंतर हिवाळाभर आम्ही थांब्यापासून घरापर्यंत बरोबर चाललो. ठरवलं असं काही नव्हतं. बस आली की ते तिथे असायचे, कुत्र्याला इकडेच यायचं असतं म्हणायचे. बोलणं बेताचंच. बायको जाऊन किती वर्षं झाली ते त्यांनी एकदा सांगितलं. मी पोहे करून नेले, ते त्यांनी चमच्याने सावकाश सगळे संपवले.

वसंतात त्यांच्या लेकीने त्यांना आपल्या घरी, कॉर्क शहरात नेलं. पायऱ्या चढवत नव्हत्या आता. निघायच्या दिवशी मी कामावर होते. परत आले तर घरापुढे विक्रीची पाटी लागलेली.

नाताळात त्यांचा फोन आला. कुत्रा गेला, म्हणाले. मग तिकडच्या पावसाचं सांगितलं, मी इकडच्या पावसाचं. दोघांचंही बोलणं संपलं, पण फोन ठेवणं दोघांच्याही जिवावर येत होतं. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे नातवंडांचा गोंगाट.

"आहात ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.