परळचं कॉलेज, लालबागचा मसाला आणि माझा जळफळाट

संगीताचा मेसेज आला तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या एकुलत्या एका मिक्सरचं झाकण दोऱ्याने बांधत होते. ‘आमच्याकडे मुलांच्या प्रकल्पांचा मेळावा आहे, दोन दिवस ये. तुझ्या प्राजक्ताला बक्षीस आहे!’ ‘तुझ्या’ म्हणे! माझी असती तर माझ्याकडे नसती का?

संगीता आणि मी एमएस्सीला एका बाकावर बसायचो. आता ती परळच्या एका कम्युनिटी कॉलेजात समन्वयक आहे आणि मी चिपळूणजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे हाताला काम देणारे छोटे डिप्लोमा असतात, आणि अर्धं शिक्षण आजूबाजूचे दुकानदार, कारखानदार, खानावळवाले देतात. त्यांना भागीदार म्हणायचं. आमचा भागीदार एक बेकरी. तीही नानकटाईच्या हंगामापुरती.

प्राजक्ता अन्नप्रक्रियेच्या डिप्लोमाला पहिलं सेमिस्टर माझ्याकडे होती. मग वडिलांचं काम सुटलं आणि ती नायगावच्या चाळीत आत्याकडे राहायला गेली, शिकायला संगीताकडे. दिवाळीनंतर तिचा अर्ज आला. पहिल्या सेमिस्टरचं क्रेडिटचं प्रमाणपत्र हवं होतं, ते मिळालं नाही तर तिला ते सेमिस्टर पुन्हा करावं लागणार. मी पोस्टमनच्या पोचपावतीवर सही केली, अर्ज वाचला आणि खणात टाकला. विसरले नव्हते मी. माझ्याकडे आधीच मुलं मोजकी, त्यातली सगळ्यात हुशार पोर संगीताने नेली. थांबू दे जरा, म्हटलं. थांबता थांबता उन्हाळा आला.

तरीही गेले. म्हटलं बघू तरी, एवढं काय सोनं लागलंय तिथे.

पहिला दिवस: परळ, मग गिरगाव

चिपळूणहून पहाटेची एसटी थेट परळ आगारात येते. आरक्षण करूनच बसा आणि खिडकी डावीकडची घ्या, सकाळचं ऊन लागत नाही. रस्ता पूर्वीपेक्षा बरा आहे असं सगळे सांगतात. माझी कंबर तसं सांगत नाही. डबा सोबत घ्या, वाटेतल्या थांब्यावरचा वडा फक्त तिखट असतो.

आगारापासून कॉलेज चालत दहा मिनिटं. इमारत जुनीच, आमच्यापेक्षा काही मोठी नाही, हे बघून मला जरा बरं वाटलं. ते समाधान जिना चढेपर्यंत टिकलं. वर पॅकिंगचं यंत्र, वाळवणीचं यंत्र, ओळीने चार मिक्सर, आणि एकाचंही झाकण बांधलेलं नाही! भिंतीवर भागीदारांची यादी: गिरगावची खानावळ, दादरचे फूलवाले, लालबागची मसाल्याची गिरणी, परळचे शिंपी. मी ती यादी दोनदा वाचली. 

“कशी वाटली जागा?” संगीताने विचारलं.

“पंखे आवाज करतात गं,” मी म्हटलं.

मेळाव्यात पहिलं बक्षीस प्राजक्ताला. तिने गिरणगावातल्या चाळींमधून घरगुती मसाल्यांच्या कृती गोळा केल्या होत्या. मालवणी, घाटावरचे, मटणाचे, सुक्या मासळीचे, सगळ्या वजनमापासकट. आता तुम्हाला ठाऊक आहेच, आपल्याकडे बायका दागिने मोजून दाखवतील पण मसाल्यात धणे किती ते सख्ख्या जावेलाही सांगणार नाहीत. मग हिने कसं काढलं? माईक हातात घेऊन पोरगी म्हणाली, “मी कुणाच्या घरी गेलेच नाही. लालबागला गिरणीत बसले. मसाला कुटून होईपर्यंत बाई तिथून हलत नाही ना, आपला मसाला दुसरीच्या पिशवीत जाईल म्हणून! मग काय, तासभर गप्पा.”

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही वाजवल्या, दोन बोटांनी. ही साधी गोष्ट मला का सुचली नाही? आमच्या बाजारातही गिरणी आहे, मी दर वर्षी तिथे बसते आणि मोबाईल बघते.

कार्यक्रम संपल्यावर प्राजक्ता धावत आली. “मॅडम! तुम्ही खरंच आलात! सॉलिड वाटलं!” आणि मग थोडी चाचरत, “मॅडम, माझा अर्ज मिळाला होता का? प्रमाणपत्र द्यायची महिनाअखेर शेवटची तारीख आहे. गिरगावचे खानावळवाले काका पॅकिंगचं किचन काढतायत, डिप्लोमा हातात आला की मला घेणारेत.”

संगीता शेजारीच उभी होती. मी म्हटलं, “अर्ज? नाही गं, काही आलं नाही. पोस्टाचं काय सांगावं हल्ली.”

“मग मीच पत्ता चुकवला असेल,” ती लगेच म्हणाली. “सॉरी मॅडम. उद्या दुसरा लिहून हातातच देते.” तीच सॉरी म्हणाली! जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं मला. तरीही खरं बोलायला तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी संगीता बसने गिरगावला घेऊन गेली. खानावळ एका वाडीच्या तोंडाशी आहे, सहानंतर जा, आधी टेबल मिळत नाही. थालीपीठ आणि लोणी मागवा, सोलकढी दोनदा मागवा, दोघींचं पोटभर चारशेच्या आत होतं. मालक स्वतः वाढत होते. त्यांची भाजणी पूर्वी महिन्याभरात खवट व्हायची, प्राजक्ताच्या गटाने भाजण्याची पद्धत आणि पाकीट बदलून दिलं. “ताई, ही पोरं म्हणजे हिरा आहेत,” मालक म्हणाले. “प्राजक्ताचा कागद एकदा आला की सुटलो. दुसरी एक मुलगी विचारतेय, पण मी थांबलोय. महिनाअखेरपर्यंत हां, पुढे नाही जमणार.”

थालीपीठ उत्तम होतं. मला एक सबंध संपलं नाही.

दुसरा दिवस: दादर, मग लालबाग

सकाळी दादरच्या फूलबाजारात. सातच्या आत पोचलात तर शेवंतीचे ढीग दिसतील, नंतर नुसती माणसं दिसतील. पायात जुनी चप्पल घाला, खाली सगळा चिखल. संगीताची मुलं इथली न खपलेली झेंडूची फुलं गोळा करतात, त्यांचा रंग काढून कापड रंगवतात आणि परळचे शिंपी त्या कापडाच्या पिशव्या शिवतात. मी एक पिशवी घेतली. रंग धुतल्यावर जाईल असं मनाशी म्हटलं. (घरी आल्या आल्या धुतली. गेला नाही.) फूलवाल्या मावशी मला म्हणाल्या, “तुमच्या गावाला पण असंच कॉलेज आहे ना? मग तुम्ही काय करता तिथे?” अहो, काय करता म्हणजे? मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून उठले.

दुपारी एकटीच लालबागला गेले. मेळाव्याचा राग असला तरी वर्षाचा मसाला तर करायचाच होता. लालबागला मसाला करणार असाल तर ऐका: मिरच्या तिथेच घ्या, रंगाला बेडगी आणि तिखटाला पांडी. देठं काढून मिळतात का ते विचारा. खडा मसाला भाजून द्यायलाही माणसं आहेत. नाकाला रुमाल बांधा आणि दोन तास हातात ठेवा, कारण रांग असते.

गिरणीत बाकावर प्राजक्ता बसलेली, शेजारी तिची आत्या. आत्या रुग्णालयात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. “जय भीम मॅडम. बसा, बसा. आमच्या पोरीच्या तोंडी दिवसरात्र तुमचंच नाव.” प्राजक्ताने नवा अर्ज माझ्या हातात दिला, वर पत्ता ठळक अक्षरात, आणि चहा आणायला गेली.

तेवढ्यात माझा नंबर लागला. माझ्या मिरच्या आत गेल्या आणि लोखंडी मुसळं धाडधाड पडायला लागली. आत्या जवळ सरकल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक मळकट कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. पोचपावती होती. त्यावर माझी सही, शेपटी वर गेलेली, मी सगळीकडे करते तशीच.

“तुमचीच ना?”

मी उठून पळाले असते हो. खरंच पळाले असते. पण माझ्या दोन किलो मिरच्या त्या यंत्रात होत्या, मागे पाच बायका पिशव्या घेऊन टपलेल्या. आणि नुसत्या मिरच्यांमुळे मी बसून राहिले, ह्याची मला आता लाज वाटते.

“हो,” मी म्हटलं. मुसळांच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.

“काय म्हणालात?”

“हो! माझीच!” पाचही बायकांनी वळून बघितलं.

“मग नाही का म्हणालात पोरीला? काय केलंय तिने तुमचं?”

“काही नाही. ती तिकडे गेली, तिचं चांगलं झालं. मला बघवलं नाही.”

 मला वाटलं आता चारचौघींत माझी बिनपाण्याने होणार. मग त्या कानाशी येऊन म्हणाल्या, “ही पावती पोस्टमनने माझ्याच हातात दिली होती, मी तिला दाखवली नाही. काल रात्री ती माझ्याशी भांडली, मॅडमना पत्र पोचलंच नाही म्हणून. तुमची बाजू घेऊन भांडली. मी गप्प बसले. तिला एक तरी मास्तरीण चांगली मिळाली असं वाटू दे, म्हटलं. पण कागद आला नाही ना, तर मी सांगणार. सोडणार नाय मी तुम्हाला.”

“परवापर्यंत पोचेल,” मी म्हटलं.

प्राजक्ता चहा घेऊन आली. माझे डोळे बघून म्हणाली, “मॅडम, ठसका लागला ना? पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांना लागतो.” आणि स्वतःचा रुमाल दिला. आत्यांनी पावती पुन्हा पदराला बांधली. मसाला झाल्यावर गिरणीवाल्याने पिशवी शिवून दिली आणि मी संध्याकाळची एसटी पकडली. प्राजक्ता आगारापर्यंत पिशवी उचलून आली. सगळ्या वाटेने ती बोलत होती आणि मी हं हं करत होते.

घरी

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी मी दारात होते. प्रमाणपत्र टाईप केलं, प्राचार्यांची सही आणि शिक्का घेतला, कुरिअरने पाठवलं आणि संगीताला मेलही केला. सगळं मिळून पाऊण तासाचं काम. पाऊण तास! त्यासाठी मी त्या मुलीला दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत टांगून ठेवलं होतं. तिचा डिप्लोमा हातात आला आणि काल खानावळवाल्या काकांनी तिला कामावर घेतलं. तिचा मेसेज आला, ‘मॅडम, तुमच्यामुळे झालं.’

तुम्ही विचाराल, मग आता जळणं थांबलं का? छे! संगीताचे चार मिक्सर आठवले की आमच्या मिक्सरचा दोरा मी अजूनही कचकचून आवळते. मसाला फक्कड झालाय. परळ-लालबागला जरूर जा, त्या मुलांचं काम बघा, भाजणी घ्या, पिशव्या घ्या. मला जमलं नाही तसं तोंडभरून कौतुक करा.

प्राजक्ता, तू हा ब्लॉग वाचतेस, हे मला माहीत आहे. वरचं सगळं वाचून तू इथवर आली असशील तर तुला कळलंच असेल, पण तुझं नाव घेऊन सांगायला हवं. तुझा पहिला अर्ज मला मिळाला होता. पत्ता बरोबर होता, पोस्टमन वेळेवर आला होता. आत्यांनी तुला हे सांगितलं नाही, कारण त्यांना तुझं मन मोडायचं नव्हतं. माझ्यासाठी तू त्यांच्याशी भांडलीस, ते आज मिटव. आणि तुझ्या त्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण तो माझ्यासाठी नव्हताच.