डी ड्राइव्हला लावलेलं खोबरेल

आमच्या वाडीची वाटणी रविवारी व्हायची होती. कुठलं झाड कुणाचं, हा नकाशा मी काही वर्षांपूर्वी स्वतः फीत धरून केला होता आणि तो एकट्या माझ्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये होता. विहिरीजवळचा हापूस माझा, हे मी हरिहरेश्वरापासून काशीदपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं. गुरुवारी लॅपटॉप रिस्टार्ट केला आणि डी ड्राइव्ह गडप! पुन्हा बंद-चालू केला तर तोंड दाखवलं, फाईल उघडेपर्यंत परत बेपत्ता.

वाडीतला दुसरा वाटेकरी, माझा थोरला चुलतभाऊ, फोनवर म्हणाला, "नेमका आत्ताच गेला व्हय? तुझा ड्राइव्ह लय शहाणा हाय रे!" ह्या गृहस्थाला टीव्हीचा रिमोट सरळ धरता येत नाही, आणि हा मला टोमणे मारणार!

माणगावला दुकानात गेलो. तिथल्या तज्ज्ञाने झाकणही न उघडता निकाल दिला, "फॉरमॅट मारू."

"अहो, आत नकाशा आहे!"

"मग फॉरमॅट मारून नवा काढा."

ह्या माणसाला ताप आला तर तो स्वतःलाच फॉरमॅट मारून घेईल आणि बायकोला विचारेल, आपण कोण? मी लॅपटॉप उचलून घरी आलो.

शेवटी शेजारचे भाई आले. वीस वर्षं आखातात एसी दुरुस्त केलेले. त्यांनी स्क्रू काढले, डी ड्राइव्हची चिक्कीच्या वडीएवढी पट्टी बाहेर ओढली आणि नाकाला लावली.

"मास्तर, हा लॅपटॉप आहे का भजी तळायचा झारा?"

आता सांगावंच लागलं. पावसाळ्याआधी आमच्याकडे कडीकोयंडे, विळी, शिवणयंत्र, सगळ्याला खोबरेल लागतं. नाहीतर खाऱ्या हवेत लोखंडाचा भुगा होतो. यंदा लॅपटॉपचं झाकण उघडून त्या पट्टीच्या सोनेरी दात्यांनाही दोन बोटं लावलं होतं. चार पिढ्यांचं शहाणपण, वाया का घालवायचं?

भाईंनी दाते पुसले, खोडरबर फिरवलं, पट्टी बसवली. डी ड्राइव्ह हजर. तीनदा रिस्टार्ट केला, हलला नाही.

आम्ही दोघांनी मिळून नकाशा उघडला. विहीर होती. हापूस होता. चुलतभावाच्या हद्दीत, चांगला चार हात आत, माझ्याच हाताने नोंदवलेला.

मी कोनाड्यातल्या खोबरेलाच्या बाटलीकडे पाहिलं.

भाई म्हणाले, "बाटली इकडे द्या, मास्तर."