साहेबांची दुर्बीण आणि ठगूबाईचं वावर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी नंदुरबारकडे बंडिंग खात्यात होतो. शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालायचे, आणि खर्चाचा वाटा सरकार उचलायचं. तिथे माझ्याकडे काय साठलं म्हणाल, तर किस्से! अजून पुरतायत.

* * *

पहिलाच दिवस. आमच्या ओव्हरसियर साहेबांनी उतार मोजायची लेव्हलची दुर्बीण उभी केली. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. खालच्या वावराचे नथ्थूभाई डोळा लावून ओरडले, "साहेब, आठे तं वावर उलटं शे! मंग पानी आभायमा जाई का?"

* * *

वरचं वावर ठगूबाईचं. एकटी विधवा. दर पावसाळ्यात माती जाऊन जाऊन मुरूम उघडा पडलेला. तरी बांधाच्या कागदावर अंगठा देईना. "सरकार बांध दी, मंग वावर ली लेई!"

जमीन सरकार घेणार नाही असं लिहिलेला कागद साहेबांनी दाखवला. म्हणाली, "माले वाचता येत नही. टोपी काढ आन सांग."

साहेबांनी भर उन्हात हॅट काढली. "माय, वावर तुमचंच राहील."

अंगठा उठला!

* * *

बांधाच्या मजुरीला धडगावकडून एक पावरा आदिवासी कुटुंब आलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्यानं उतार नुसता न्याहाळला आणि टाचेनं बांधाची रेघ ओढली. साहेबांनी लेव्हल लावून दुपारभर तपासलं. फरक वीतभर! खूश होऊन त्याला दुर्बीण दिली, तर म्हणतो, "हां. आता तुम्हालापण दिसते!"

* * *

एका बांधाला जादा पाणी जायला सांडवा ठेवायला मी विसरलो. पहिल्याच सरीत बांध फुटला. नोकरी गेली असं धरून मी उभा. साहेबांनी बूट काढले, चिखलात उतरले. "फावडं आण. मी तर दोन फोडलेत!" ते उपकार मी विसरलो नाही.

* * *

ठगूबाईच्या बांधाचं टोक नथ्थूभाईंच्या वावरात जात होतं. ते सही देईनात. का देतील? वरची काळी माती दरसाल फुकट त्यांच्याकडे यायची!

ठगूबाई भांडली नाही. त्यांना वर नेलं, हातात कुदळ दिली. "खंद."

कुदळ मुरुमावर ठणकन वाजली. दुसऱ्यांदाही वाजली. नथ्थूभाई खाली मान घालून गेले आणि सही पाठवून दिली.

बांध पुरा झाला त्या सकाळी ते बैलगाडी घेऊन हजर. गाडीत काठोकाठ काळी माती.

ठगूबाई बघतच राहिली. "भाऊ, हाई काय?"

नथ्थूभाईंनी गाडी रिकामी केली, हात झटकले.

"काही नही बहीन. माती माहेरले परत उनी!"