तिन्हीसांजेचा आवाज

यंत्रांसाठी कोणत्या देशाच्या किती आहारी जायचं, याचा सल्ला सरकारला देण्यात माझा जन्म गेला. लोक तज्ज्ञ म्हणतात; म्हणोत बापडे. या कामातला पहिला धडा मला डोंबिवलीत, आमच्या दोन खोल्यांत मिळाला. तेव्हा मी परदेशी यंत्रांचं बघणाऱ्या सरकारी खात्यात नुसता मदतनीस होतो.

धाकटा भाऊ रेडिओचं तंत्र शिकायला परदेशी गेला होता. शिकता शिकता तिथल्या केंद्रावर हिंदी कार्यक्रमाच्या सुरुवातीची घोषणाही तोच करायचा. आमच्या आळीत वीज नव्हती. ठाकुर्लीचं वीजघर हाकेच्या अंतरावर, पण ती वीज रेल्वेची. तिन्हीसांजेला आई देवापुढे दिवा लावी आणि मी बॅटरीवरचा रेडिओ. 'श्रोताओ, नमस्कार' असं तो म्हणाला की मगच ती स्वयंपाकाला उठे.

एका थंडीत तार आली. न्यूमोनियाने तो गेला होता आणि तिकडेच सगळं उरकलं होतं. त्या संध्याकाळी मी रेडिओला हात लावला नाही. आईनेच लावला. आणि तो बोलला, रोजच्यासारखा, आधी किंचित श्वास घेऊन. त्याच्या आवाजाची टेप केंद्रावर वाजत होती. टेप ही वस्तू तेव्हा नवी होती, पण मी तिच्यावर कार्यालयात टिपण लिहिलं होतं, मला ती पुरती ठाऊक होती. तरी मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

दहाव्याला कल्याणच्या खाडीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर मुकाट बसलेले. आईला सांभाळीन म्हटलं, त्याची पुस्तकं कुणा गरजूला देईन म्हटलं. एकही हलला नाही. ऊन चढलं तसा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घरी आईने विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं.

"रोज बोलायला लावतात त्याला, तो जाईल कसा?" ती म्हणाली. "तू परदेशांचीच कामं बघतोस ना? मग सोडव त्याला."

कार्यालयातले साहेब हसतील म्हणून भीतभीतच विषय काढला. ते हसले नाहीत, मला त्या देशाच्या वकिलातीत घेऊन गेले. तिथला अधिकारी फार सभ्य. इतका छान आवाज, मग अडचण काय, हे त्याला काही केल्या कळेना. यंत्र दोन्ही देशांत एकच होतं, मेलेला माणूस म्हणजे काय, हे मात्र एक नव्हतं. मी चिडून तावातावाने बोललो, तेव्हा कुठे त्याने ती टेप बंद करवायचं मान्य केलं. बाहेर आल्यावर मात्र मला रडू आलं, कारण तो आवाज मलाही हवा होता.

काही दिवसांनी संध्याकाळी दुसराच आवाज आला. कोवळा मुलगा वाटत होता, बोलताना जरा अडखळणारा. आईने कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला. मग रेडिओकडे बघतच तिने विचारलं, "हा तरी जिवंत आहे ना रे?"