शिगेची भर

डॉ. दाऊद यांनी उभी हयात एकाच प्रश्नाला वाहिली होती: निजामाच्या काळापासून पाचोडची शेती किती पुढं गेली? औरंगाबादेत ते अर्थशास्त्र शिकवत आणि सुट्टीत खेड्यापाड्यांतून जुन्या पिकांचे आकडे गोळा करत. सहकारी त्यांना 'ज्वारीचे डॉक्टर' म्हणत. त्यांना ते आवडायचं.

चौऱ्याऐंशी साली त्यांचं पुस्तक छापखान्यात गेलं. निष्कर्ष ठसठशीत होता: चाळीस वर्षांत एकरी ज्वारी दुप्पट झाली. त्या 'दुप्पट'वर दिल्लीच्या परिषदेचं बोलावणंही आलं. पत्नी सगीरानं शेरवानी शिवायला टाकली.

त्याच आठवड्यात शेजारच्या आशाबाई पायलीभर ज्वारी उसनी मागायला आल्या. दाऊद यांचे वडील चांदपाशा पाचोडच्या बाजारात मापारी होते. त्यांची धान्य मोजायची लोखंडी पायली अजून घरात होती. सगीरानं ती काठोकाठ भरली आणि तरी ओततच राहिली. वर टोकदार शीग चढली.

"एवढं कशाला?" दाऊद म्हणाले.

"वा जी! मापारी के बेटे होके पूछते? सपाट माप दिलं तर अब्बा हातातली पायली काढून घ्यायचे."

दाऊद जागीच थबकले. जुने सगळे आकडे पायलीत होते, आणि त्यांचे किलो करताना त्यांनी पायली सपाट धरली होती. त्यांनी शीग हातानं उतरवून तराजूत टाकली. ती पाव पायली भरली. म्हणजे जुनं पीक त्यांनी पायलीमागं तेवढं कमी धरलं होतं.

"भाऊ, द्यायची नसली तर तसं सांगा की!" आशाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दाऊद यांनी छपाई थांबवली. विभागप्रमुख रामकिसन सर वैतागले. "कुणाला कळणार आहे, डॉक्टर?"

"पाचोडला सगळ्यांना."

दिल्ली हुकली. पुस्तक दोन वर्षांनी आलं. 'दुप्पट' जाऊन तिथं दीडपटीहून थोडं जास्त, एवढंच उरलं होतं. शेरवानी घालून ते पहिली प्रत घेऊन पाचोडच्या बाजारात गेले. दगडाबाई हरभरा विकत बसली होती. हकीकत ऐकून ती खो खो हसली.

"मापाऱ्याचं पोरगं न् शीग इसरलं व्हय! लई शिकलं की असंच व्हतं बघा."

दाऊद यांनी किलोभर हरभरा मागितला. तिनं काटा बरोबर केला आणि वर एक ओंजळ टाकली.

दाऊद यांनी आधी ओंजळीकडं आणि नंतर हातातल्या नव्या पुस्तकाकडं पाहिलं. मग त्यांनी जपून विचारलं, "दगडाबाई, ही ओंजळ सगळ्यांनाच देता का?"