रबराच्या मळ्यातला पाटा

मिक्सरमधून भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा वास सुटला की मला सेम्बावांगचा तो दगड आठवतो आणि डोकं पुन्हा तापतं. काही वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही चार मराठी कुटुंबं तिथे हेरिटेज वॉकला गेलो होतो. पूर्वी त्या भागात रबराचे मळे होते आणि मळ्यांत राबणाऱ्या तामिळ मजुरांच्या झोपड्या. दमट उकाडा, कुजलेल्या पानांचा वास, डास. एका झाडाखाली काळा दगड मांडला होता आणि बोर्डावर लिहिलं होतं, 'मजुरांचा पूजेचा दगड'. झालं! आमच्या अख्ख्या घोळक्याने चपला काढल्या, कुणी जास्वंदीचं फूल वाहिलं. मीही वाकून हात लावला, तर बोटांना पाट्याला टाकी लावल्यावर पडतात तसे खड्डे लागले. मधोमध दगड झिजून खोलगट झालेला. "अहो, हा पाटा आहे! कुणीतरी जन्मभर यावर मसाला वाटलाय," मी गाइडला सांगितलं. "मॅडम, बोर्ड तज्ज्ञांनी तपासलाय," ती गोड हसून म्हणाली. "त्यांनी कधी स्वयंपाक केलाय का?" माझा आवाज चढला. माझी लेक दंड ओढत सिंगापुरी ढंगात म्हणाली, "चिल ला, आई." बाकीचेही मलाच समजवायला लागले, की नमस्कार केला तर बिघडलं कुठे? आज बटण दाबून वाटण करताना मी स्वतःलाच विचारते, दगडाऐवजी तो झिजवणारी बाई तिथे बसलेली असती, तर आमच्यापैकी कुणी चपला काढल्या असत्या? मी तरी?